‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी आणि रक्तातली साखर

अलीकडे खेडोपाडी एक नवा रिवाज पडला आहे. ग्रामपंचायतीच्या सभागृहात नाहीतर देवळापुढच्या मांडवात ‘संपूर्ण शरीर तपासणी’चे शिबिर भरते. रक्त काढून नेतात आणि दोन-तीन दिवसांत मोबाईलवर आठ-दहा पानांचा इंग्रजी अहवाल येतो. जिथे आकडा कमी-जास्त, तिथे ठळक अक्षर. पुष्कळांच्या अहवालात ‘व्हिटॅमिन डी’, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातले ‘ड’ जीवनसत्त्व, त्याच्यासमोर हे ठळक अक्षर असतेच. मग आठवड्याला एक अशी साठ हजार युनिटची पुडी दुधातून घ्यायला सांगतात. इथपर्यंत कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती पुढच्या वाक्याला. ‘तुमची शुगर वाढली ती या डीच्या कमतरतेनंच. डी भरून काढा, शुगर आपोआप खाली येईल.’ हे वाक्य कधी शिबिरवाला बोलतो, कधी औषध दुकानाच्या फळीवरचा पोऱ्या. आणि चावडीवर पोहोचेपर्यंत त्याचे ‘उन्हात बसलं की साखर उतरते’ असे होऊन जाते.

ऐकणाऱ्याला हे गोड वाटते, यात नवल नाही. रोजची गोळी नको, पथ्य नको, तपासणीचे हेलपाटे नकोत. आठवड्याला एक पुडी घेतली की झालं. पण मधुमेहाची गोळी चालू असलेला माणूस असे ऐकून गोळी सोडून बसला, तर सहा महिन्यांनी त्याच्या पायाची जखम भरत नाही, डोळ्याला अंधारी येते, आणि मग तालुक्याच्या दवाखान्यात धावपळ सुरू होते. म्हणून या वाक्यात खरे किती आणि खोटे किती, हे आज जरा निगुतीने पाहू.

‘ड’ जीवनसत्त्व हे बाकीच्या जीवनसत्त्वांसारखे मुख्यतः खाण्यातून मिळत नाही. सूर्याच्या अतिनील किरणांनी ते आपल्या कातडीत तयार होते, पुढे यकृतात आणि मूत्रपिंडात त्याच्यावर प्रक्रिया होऊन ते कामाला लागते. त्याचे पहिले काम हाडांचे. खाल्लेला चुना, म्हणजे कॅल्शियम, आतड्यातून रक्तात ओढून घेण्यासाठी ते लागते. ते फारच कमी पडले तर लहान मुलांना मुडदूस होतो, मोठ्या माणसांची हाडे मऊ पडतात, कंबर आणि मांड्या दुखतात, जिना चढवत नाही. हे डॉक्टरांना शंभर वर्षांपासून माहीत आहे आणि त्यात कसला वाद नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर जन्मभर उन्हात राबतो, आम्हाला कसली कमतरता? प्रश्न रास्त आहे. आंध्र प्रदेशात तिरुपती शहर आणि त्या भागातली खेडी यांची तुलना करणारा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. शेतावर राबणाऱ्यांची पातळी शहरातल्यांपेक्षा बरी निघाली, हे खरे. पण खेड्यातल्या बायकांतही दर दहांत साधारण सात जणींना कमतरता होती. असे का होत असावे, हे आपल्या शिवारात नजर टाकली तरी उमगते. खुरपायला गेलेली बाई साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, डोक्याला आणि तोंडाला फडके बांधते. ऊन आणि पाल्याची कुसळे यांपासून बचाव म्हणून ते योग्यच आहे, पण उन्हाला उघडे राहते ते काय, बोटे आणि डोळे! शिवाय आपला सावळा वर्ण. तो कातडीचे रक्षण करतो, पण त्याच कारणाने ‘ड’ तयार व्हायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो.

आणखी एक गैरसमज कोवळ्या उन्हाचा. सकाळी सातचे ऊन अंगाला बरे वाटते, म्हणून म्हातारी माणसे ओसरीवर त्या उन्हात बसतात. बसावे जरूर. पण सूर्य खाली असताना अतिनील किरणांचा कामाचा भाग वातावरणातच गळून जातो. खूण सोपी आहे, त्याला घड्याळ लागत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते ऊन ‘ड’ तयार करणारे. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषात अशी सावली दुपारी बाराच्या आगेमागेच सापडते. तेव्हा हात, पाय, चेहरा उघडा ठेवून वीस-पंचवीस मिनिटे, आठवड्यातून तीन-चार वेळा बसले तर फायदा. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचा मात्र उपयोग नाही, काच ते किरण अडवते. आणि वैशाखात कुणी हा प्रयोग भर दुपारी करू नये, नाहीतर ‘ड’ मिळवता मिळवता उष्माघात व्हायचा.

हाडांचे झाले. आता साखरेकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे.

जगभरच्या पुष्कळ पाहण्यांत असे दिसले की ज्यांच्या रक्तात ‘ड’ कमी, त्यांच्यात मधुमेह, पोटाचा घेर आणि रक्तदाब जास्त. शास्त्रज्ञांना त्याचे एक कारणही सुचले. इन्शुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशींवर ‘ड’ जीवनसत्त्वाला जोडून घेणाऱ्या जागा असतात, आणि इन्शुलिन बाहेर सोडायला कॅल्शियम लागते. म्हणजे संबंध असू शकतो, ही शंका काही हवेतली नव्हती. शिबिरवाला जे बोलतो ते अगदीच बनवून बोलतो असे नाही. तो अर्धीच गोष्ट सांगतो.

उरलेली अर्धी तुम्हा शेतकऱ्यांना चटकन कळेल. पाणी साचलेल्या रानात उसाचे पान पिवळे पडते. तपासले तर पानात लोह कमी भरते. म्हणून दुकानदाराने दिलेली सूक्ष्म अन्नद्रव्ये फवारली तर चार दिवस हिरवेपणा दिसेलही, पण मुळाला हवा मिळत नाही तोवर ऊस काही सुधारत नाही. तिथे चर काढून पाणी काढून द्यावे लागते. लोहाची कमतरता खोटी नसते, पण दुखणे तिच्यात नसते. ‘ड’ आणि साखर यांचे पुष्कळसे तसेच आहे. ‘ड’ चरबीत विरघळते. पोटावर चरबी वाढली की ते तिथे दडून बसते आणि रक्तातला आकडा कमी दिसतो. त्याच चरबीमुळे इन्शुलिनचे काम मंदावते आणि साखर चढते. शिवाय जो माणूस दिवसभर दुकानात, कचेरीत नाहीतर टीव्हीपुढे बसून असतो, त्याला ऊनही मिळत नाही आणि हालचालही होत नाही. दोन्ही आकडे एकत्र बिघडतात, म्हणून एकाने दुसऱ्याला बिघडवले असे म्हणता येत नाही.

मग याचा निकाल कसा लावायचा? आपण वाणाची चाचणी घेतो तसाच. निम्म्या वाफ्यांना खत, निम्म्यांना नाही, बाकी सगळे सारखे. नॉर्वे देशात ट्रॉम्सो नावाचे गाव आहे, तिथे हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. ‘ड’च्या चाचणीला याहून योग्य जागा कुठली! तिथे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५११ जणांत निम्म्यांना आठवड्याला वीस हजार युनिट ‘ड’ आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या पाच वर्षे दिल्या. २०१६ साली निकाल आला. दोन्ही गटांत मधुमेह होण्याच्या प्रमाणात भरवशाने सांगता येईल असा फरक पडला नाही. मग २०१९ साली अमेरिकेतली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. उंबरठ्यावरचेच २,४२३ लोक, निम्म्यांना रोज चार हजार युनिट, सरासरी अडीच वर्षे. ‘ड’ घेणाऱ्यांपैकी २९३ जणांना मधुमेह झाला, न घेणाऱ्यांपैकी ३२३ जणांना. तीसचा फरक, आणि तो योगायोगानेही पडू शकतो असे हिशेब करणाऱ्यांनी स्पष्ट सांगितले.

बरे, इथेच थांबलो तर तो ‘ड’वर अन्याय होईल. २०२३ साली अशा तीन चाचण्यांचे आकडे एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा थोडा फायदा दिसला. उंबरठ्यावरच्या शंभर जणांना तीन वर्षे ‘ड’ दिले तर साधारण तीन जणांचा मधुमेह टळतो किंवा लांबतो. म्हणून २०२४ साली अमेरिकेतल्या अंतःस्रावी ग्रंथींच्या डॉक्टरांच्या संघटनेने, उंबरठ्यावर असून धोका जास्त असलेल्यांनी पथ्य-व्यायामाच्या जोडीला ‘ड’ घ्यायला हरकत नाही, असा सल्ला दिला. ‘जोडीला’ हा शब्द ध्यानात ठेवा. आणि त्याच सल्ल्यात आणखी एक गोष्ट आहे, जी शिबिरात कुणी सांगत नाही. ठणठणीत माणसाची ‘ड’ची तपासणी सरसकट करत बसू नये, असे त्यात म्हटले आहे.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्याच देशातल्या, उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच जुजबी सल्ला दिला, त्यांच्यातल्या शंभरांतल्या ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या मागे लागून रोज अर्धा तास चालायला लावले, साखर, मैदा, तेल-तूप कमी करायला लावले, त्यांच्यात तो शंभरांत ३९ जणांनाच झाला. म्हणजे पुडीने शंभरांतले तीन वाचतात, तर चालण्याने आणि ताटातल्या बदलाने पंधरा-सोळा. देश वेगळे, माणसे वेगळी, त्यामुळे ही तुलना काट्यावर तोलण्यासारखी नाही. पण जड पारडे कोणते हे कळायला काटा लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, अहो, आम्ही अंगाने काटक, आमचे चालणे रोज मैलभर, आम्हाला कसला मधुमेह! हाच भ्रम घातक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी भरतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते, असे त्यांना आढळले. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापला. उंची-वजनाचे गणित दोघांचे तंतोतंत सारखे, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला दोघेही सडपातळ. तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका, बेंबीजवळ टेप लावा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटर याच्या पुढे गेला की साखर आणि रक्तदाब तपासलाच पाहिजे. मुंडासे बांधणारा आहे की पँट घालणारा, याच्याशी त्या टेपला देणेघेणे नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. ग्रामीण भागात मधुमेह ८.९ टक्के, शहरात १६.४ टक्के. यावर समाधान मानायला हरकत नाही, पण पुढचा आकडा वाचा. उंबरठ्यावर असलेले लोक खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखेच, पंधरा टक्क्यांच्या आसपास. शंभर उंबऱ्यांच्या वस्तीत चारशे मोठी माणसे धरली तर साठ जण असे निघतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसेल. कारण या अवस्थेत काही दुखत नाही, काही खुपत नाही.

हे लोक त्या उंबरठ्यावर का आले? उन्हाच्या कमतरतेने खासच नव्हे. नांगरट ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने, बांधावर जायला मोटारसायकल, दूध घालायलाही मोटारसायकल. याबद्दल तक्रार करायची नाही. ज्याने बैलामागे उभा जन्म काढला त्याला यंत्राचे मोल विचारा. पण कष्ट कमी झाले आणि ताट तेच राहिले, किंबहुना बिघडले. ज्वारी-बाजरीच्या भाकरीची जागा पांढऱ्या भाताने आणि चपातीने घेतली, मधल्या वेळेला खारी-बिस्किटे आली, आणि दिवसाचे पाच-सहा कप चहा, कपाला दोन चमचे साखर. ऊस आपणच पिकवायचा आणि त्याची साखर आपल्याच रक्तात साठवायची, असा हा व्यवहार चालला आहे. त्यात रात्रीची वीज. मोटार चालू करायला रात्री दोनला उठणाऱ्याची झोपमोड होते, आणि वरचेवर अपुऱ्या झोपेने इन्शुलिनचे काम मंदावते, हेही आता सिद्ध झालेले आहे. दिवसा वीज मागताना आपण साप-विंचवाचे कारण सांगतो. त्यात हेही कारण घालायला पाहिजे.

पुडीची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. लोकांना वाटते, जीवनसत्त्वच आहे, जास्त झाले तर काय बिघडणार? बिघडते. ‘ड’ लघवीवाटे सहज निघून जात नाही, अंगात साठते. आठवड्याची पुडी रोज घेणारे आहेत, आणि ‘ताकदीचे इंजेक्शन’ म्हणून सहा लाख युनिटचे इंजेक्शन पुन्हा पुन्हा टोचून घेणारेही आहेत. अशाने रक्तातले कॅल्शियम वाढते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि लघवी, माणूस बरळतो, आणि मूत्रपिंडाला इजा होते. ज्याला मुतखड्याचा त्रास आहे किंवा मूत्रपिंड आधीच अधू आहे, त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय पुडीला हात लावू नये. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायकांवर एक चाचणी झाली. निम्म्या जणींना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस दिला. उद्देश हाडे मोडू नयेत हा. २०१० साली निकाल लागला तो उलटा. डोस घेणाऱ्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली.

मग ‘ड’ घ्यायचे कुणी? ज्या म्हाताऱ्या माणसाचे घराबाहेर येणेच होत नाही, गरोदर बाई, ज्याची हाडे-मांड्या दुखतात आणि डॉक्टरने तपासून कमतरता सांगितली आहे, अशांनी ते जरूर घ्यावे, सांगितले तेवढेच आणि सांगितले तितकेच आठवडे. सोबत नाचणी, तीळ, दूध-ताक पोटात जाऊ द्या, कारण कॅल्शियमच नसेल तर ‘ड’ एकटे काय ओढून आणणार? खाणाऱ्यांनी अंड्याचा पिवळा भाग आणि बांगडा-तारलीसारखी मासळी खावी. पिशवीबंद तेल आणि दुधावर ‘एफ’ अक्षर आणि अधिकाची खूण असेल तर त्यात थोडे ‘ड’ मिसळलेले असते. सुट्ट्या तेलात त्याची खात्री नाही. आणि हो, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे चालू असेल आणि तळपायाची आग होत असेल, मुंग्या येत असतील, तर ‘ड’च्या मागे लागण्याआधी डॉक्टरला ‘बी-१२’बद्दल विचारा. ती गोळी बी-१२ कमी करते, आणि शाकाहारी घरात ते आधीच कमी असते.

आता दोन शब्द सरपंच, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी असे नाव झाले आहे, लोक ग्रामसेवकच म्हणतात) आणि आरोग्य खात्याच्या मंडळींसाठी. तीस वर्षांपुढच्या प्रत्येक माणसाची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा कार्यक्रम सरकारचा आहे, फुकट आहे, आणि आपल्या उपकेंद्रात, म्हणजे हल्लीच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तो व्हायचा असतो. आशाताई घरोघर फिरून त्याचा अर्ज भरतात, त्यात कमरेचा घेरही मोजायचा असतो. पुष्कळ ठिकाणी अर्ज भरतात आणि घेर अंदाजाने लिहितात. पुरुष माणसे तर त्या वेळी घरातच नसतात. मग तपासणी डेअरीवर का होऊ नये? सकाळच्या दूध संकलनाला झाडून सगळे येतात, तेही चहा न घेता आलेले असतील तर उपाशीपोटीची साखर तिथल्या तिथे होते. १२६ च्या पुढे आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून रक्त पुन्हा तपासायचे. १०० ते १२५ आली तर तो उंबरठ्यावरचा, त्याला तीस मिनिटे चालायला आणि चहातली साखर तोडायला लावायचे आणि वर्षाने परत तपासायचे. याला हजाराच्या घरातली ‘ड’ची तपासणी लागत नाही, एक पट्टी आणि बोटाला एक टोचणी लागते.

खाजगी शिबिराला सभागृह देण्याआधी ग्रामपंचायतीने आयोजकांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. तपासणीचे आणि औषधाचे पैसे किती आणि कोण घेणार, अहवाल मराठीत समजावून सांगायला नोंदणीकृत डॉक्टर हजर राहणार का, आणि ज्याची साखर जास्त निघेल त्याचे नाव उपकेंद्राला कळवणार का. उत्तर मिळाले नाही तर सभागृहाची किल्ली देऊ नये. हा अधिकार तुमचा आहे.

आणि येत्या ग्रामसभेत समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना बोलावून आकडे वाचायला लावा. गावात तीस वर्षांपुढचे किती, त्यांतल्या किती जणांची तपासणी झाली, साखर किती जणांत निघाली, आणि त्यांतल्या किती जणांनी गेल्या महिन्यात गोळ्या नेल्या. शेवटचा आकडा मुद्दाम विचारा, तो बहुधा तयार नसतो. साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या आहेत असे उत्तर आले, तर ते इतिवृत्तात लिहून घ्या, त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा, आणि तोवर ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या अबंधित निधीतून पट्ट्या घेता येतील का, ते त्याच सभेत ठरवा.